बुटातला खडा: मधुमेह असताना चालणं, धावणं, गरबा आणि पावागड

बडोद्याच्या कमाटीबागेत तीन फेऱ्या मारून घरी आलो, ओट्यावर बसून बूट काढला आणि माती झटकावी म्हणून उपडा करून आपटला, तर हरभऱ्याच्या डाळीएवढा खडा खाली पडला. मोजा तळव्याला चिकटला होता. सोडवला तर चवड्याखाली रुपयाएवढी लाल, ओली जागा. ही आतून म्हणाली, "इतकं चाललात आणि टोचलं नाही?" नव्हतं टोचलं. सगळा घोटाळा तिथेच होता.

तेव्हा मला मधुमेह होऊन अकरा वर्षं झाली होती. साखरेचे आकडे वहीत तारीखवार, एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, दर तीन महिन्यांनी, डोळे वर्षातून एकदा. पाय मात्र कुणी पाहिले नव्हते, कारण दवाखान्यात मी कधी मोजेच काढले नव्हते. ती जखम भरायला सात आठवडे लागले. सात आठवडे बाग बंद, आणि तेवढ्यात पट्ट्याचं भोक एक पुढे सरकलं.

पुढे जे लिहितोय ते डॉक्टरांकडून, ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरकडून आणि बरंचसं स्वतःच्या चुकांवरून शिकलेलं आहे. साखर नुकतीच निघाली असेल आणि "आता चालायला लागा" एवढंच सांगून तुम्हाला घरी पाठवलं असेल, तर हे तुमच्यासाठी. घरात बसून राहा असं मी मुळीच सांगणार नाही. वसीम अक्रमला १९९७ साली मधुमेह निघाला. इन्सुलिन घेत तो २००३ पर्यंत आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळला, आणि वेगवान गोलंदाजाच्या पुढच्या पायावर केवढा भार आदळतो ते मोतीबागेच्या कडेला बसून सामने पाहिलेल्या बडोदेकरांना सांगायला नको. खेळता येतं. पायांवर पहारा मात्र ठेवावा लागतो, आणि तो डोळ्यांनी आणि हातांनी ठेवावा लागतो, कारण नेहमीचा पहारेकरी, म्हणजे दुखणं, झोपी गेलेला असू शकतो.

पाय गप्प का होतात

साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की सगळ्यात लांब नसा आधी खराब होतात, आणि शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात. म्हणून सुरुवात बोटांच्या टोकांपासून, दोन्ही पायांत साधारण सारखी, आणि मग मोजा चढवावा तशी हळूहळू वर. कुणाला मुंग्या येतात, कुणाचे तळवे रात्री पेटतात, कुणाला काहीच होत नाही. आमच्या सकाळच्या मंडळीत एक गैरसमज मी फार ऐकतो: "माझे पाय जळजळतात, म्हणजे संवेदना शाबूत आहे." तसं नसतं. जळजळ ही बिघडलेल्या नसांची ओरड असू शकते, आणि त्याच पायात टाचणी रुतली तरी कळत नाही.

नसांमुळे आणखी दोन गोष्टी होतात. घाम कमी येतो, त्यामुळे कातडी कोरडी पडून भेगा पडतात. आणि पंजातले छोटे स्नायू दुबळे होऊन बोटं आकड्यासारखी वळतात, त्यामुळे सगळा भार चवड्यावर एका जागी येतो. याच्या जोडीला रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर झालेली जखम भरत नाही. तंबाखू, मिसरी, विडी यातलं काही चालू असेल तर हा तिसरा भाग जोरात पुढे सरकतो.

हे सगळं जगाला नीट समजावलं ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी. कुष्ठरोग्यांची बोटं रोगाने आपोआप झडतात असं लोक मानत. ब्रँड यांनी दाखवलं की बधिर हातापायांना रोज होणाऱ्या, न कळलेल्या इजा हे त्याचं मोठं कारण असतं. पुढे अमेरिकेत त्यांनी हीच समज मधुमेहींच्या पायांना लावली. त्यांच्या कामातली खेळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे एक मोठा घाव लागतोच असं नाही. एकाच जागी मध्यम दाब हजारो वेळा पडला तरी तिथलं मांस आधी तापतं, मग सुजतं, मग फुटतं. एक किलोमीटर चालताना तुमचा एकेक पाय साडेसहाशेच्या आसपास वेळा जमिनीवर पडतो. दुखत असतं तर आपण नकळत लंगडलो असतो, भार दुसरीकडे टाकला असता. न दुखणारा पाय सहाशेच्या सहाशे वेळा त्याच जागेवर पडतो.

पहिलं काम: मोजे काढून दाखवा

मैदानावर जाण्याआधी डॉक्टरांकडे जा, खुर्चीवर बसून बूट-मोजे काढा आणि म्हणा, "पाय बघा." लाजायचं कारण नाही. ते १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे ठरावीक दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा, तळव्याला टेकवतील. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवून थरथर कळते का विचारतील. पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्याच्या आत, मागच्या अंगाला नाडी चाचपतील. ती क्षीण लागली तर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून तुलना करतात. चालताना पोटरी धरते आणि थांबलं की सुटते, असं होत असेल तर ते आपणहून सांगा. वय झालं म्हणून होत असेल असं समजून गप्प बसणारे फार भेटतात.

मधल्या काळात घरी करता येईल अशी एक साधी स्पर्शचाचणी आहे. आडवे पडा, डोळे मिटा. घरातल्या कुणीतरी तुमच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपल्या बोटाने अलगद, सेकंद-दोन सेकंद स्पर्श करायचा. दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. कळलं की तुम्ही "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही तर संवेदना कमी झाली आहे असं धरून डॉक्टरांकडे जायचं. आमच्याकडे नातवाने ही चाचणी घेतली. मी आत्मविश्वासाने "उजवा" म्हणालो तेव्हा त्याने हात लावलेलाच नव्हता.

संवेदना आणि नाडी दोन्ही चांगली असेल तर पाय वर्षातून एकदा दाखवले तरी चालतात. दोन्हीपैकी एक बिघडलं असेल तर सहा महिने ते वर्षात एकदा. दोन्ही बिघडली असतील, किंवा बिघाडाबरोबर बोटं वाकडी झाली असतील, तर तीन ते सहा महिन्यांनी. आणि बिघाडाबरोबर पूर्वी पायाला व्रण होऊन गेला असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी. मी या शेवटच्या गटात मोडतो.

त्याच फेरीत डोळ्यांचा पडदाही तपासून घ्या. पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर धावणं, उड्या, जड वजन उचलणं नेत्रतज्ज्ञाला विचारल्याशिवाय नको.

बूट: इथे कंजुषी नको, आणि दिखावाही नको

बूट संध्याकाळी घ्यायला जा. दिवसभरात पाय थोडे फुगतात, आणि सकाळी नीट बसलेला बूट संध्याकाळच्या पायाला चावतो. निघण्याआधी घरी पुठ्ठ्यावर उभे राहून दोन्ही पायांची बाह्यरेषा काढा, कापा आणि पुठ्ठे बरोबर न्या. दुकानात तो पुठ्ठा बुटात सरकवायचा. कडेला दुमडला किंवा पुढे अडला तर बूट परत, मग सेल्समन काहीही म्हणो. बधिर पायाला "बरोबर बसला" असं वाटतं तेव्हा बूट बहुधा घट्ट असतो, कारण सैल बूट त्याला जाणवतच नाही. म्हणून पुठ्ठ्यावर विश्वास, पायावर नाही.

सर्वांत लांब बोटापुढे एक ते दोन सेंटिमीटर जागा हवी, आणि ते बोट अंगठाच असेल असं नाही. माझं शेजारचं आहे. पुढचा भाग रुंद आणि उंच, बोटं वर घासणार नाहीत असा. टाचेचा कप घट्ट. लेस किंवा वेल्क्रो हवंच, कारण नुसता पाय सरकवायचा बूट चालताना आत मागेपुढे होतो. बूट दोन हातांत धरून पिळून पाहा. कपड्यासारखा पिळला गेला तर ठेवून द्या. आत हात घालून शिवण, गाठ, वर आलेला खिळा चाचपा.

साध्या चामडी बुटांपेक्षा चांगले धावण्याचे बूट तळव्यावरचा दाब बराच कमी करतात, त्यामुळे चालण्यासाठीही तेच घ्या. पण बोटं वाकडी असतील, चवड्याखाली घट्टा असेल किंवा आधी व्रण झाला असेल, तर दुकानातल्या बुटाने भागत नाही. मापाचा इनसोल किंवा मापाचा बूट बनवून घ्यावा लागतो. घरात आणि बाजारात घालायला एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला मिळतात. मुळात कुष्ठरोग्यांसाठी आपल्याकडे रुळलेलं हे मऊ रबर आता मधुमेहींच्या उपयोगी पडतं. दिसायला त्या काही झकास नसतात. मागे पट्टा असलेल्या घ्या. अंगठ्याची चप्पल मात्र नको: तिचा पट्टा नेमका बोटांच्या बेचक्यात घासतो आणि ती पायात धरून ठेवायला बोटं सतत आवळावी लागतात.

नवा बूट पहिल्या दिवशी घरात तासभर. काढून पाय पाहा. लाल डाग वीस मिनिटांत गेला नाही तर ती जागा घासते आहे. मग दोन तास, मग बाग. नव्या बुटांत थेट दहा किलोमीटरची शर्यत गाठणारे दरवर्षी दिसतात, आणि त्यातल्या दोघा-चौघांच्या नखाखाली रक्त साकळतं.

दोन जोड असतील तर उत्तम, आलटून पालटून वापरले की आतला घाम वाळतो. रोज चार किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे १०० किलोमीटर. धावण्याचा बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर दबतो. वरून नवा दिसला तरी पाच ते आठ महिन्यांत त्याचा मऊपणा संपलेला असतो.

आणि घालण्याआधी प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, बूट उलटा करून आपटायचा, आत हात फिरवायचा, तळही पाहायचा. शहराबाहेर वेड्या बाभळीचे काटे, ज्याला इथे गांडो बावळ म्हणतात, बुटाचा तळ भेदून आत येतात. माझ्या बुटातून आजवर निघालेल्या वस्तू: तो खडा, एक शर्टाचं बटण, नातवाचा ठोकळा आणि एकदा झुरळ.

मोज्यांचं थोडक्यात. पांढरे किंवा फिके, म्हणजे रक्ताचा-पाण्याचा डाग लगेच दिसतो. शिवण जाड असेल तर उलटे घाला. वरचं इलॅस्टिक पोटरीवर वळ उठवणारं नको. घाम शोषून धरणाऱ्या निव्वळ सुती मोज्यापेक्षा घाम बाहेर टाकणारे खेळाचे मोजे धावताना बरे. रफू केलेला मोजा पायपुसणं करा.

रात्रीची सात मिनिटं

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. रात्री जेवणानंतर, चांगल्या उजेडात, चष्मा लावून. पाय कोमट पाण्याने धुवायचे. पाणी पायाने पाहायचं नाही, कोपराने किंवा दुसऱ्याच्या हाताने पाहायचं. गरम पाण्यात पाय बुडवून बसणं, मीठ-पाणी, शेकायची पिशवी, हिवाळ्यात हीटरसमोर तळवे धरणं, हे सगळं बंद. बधिर पाय भाजतो आणि सकाळी फोड दिसतो.

धुतल्यावर टिपून कोरडे करा, बोटांच्या बेचक्यांत खास करून. मग पाहणी: वरची बाजू, मग तळवा, मग टाच, मग प्रत्येक बेचकं फाकवून. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून त्यावर पाय धरा, किंवा मोबाइलने फोटो काढा. फोटोचा फायदा असा की कालचा आणि आजचा डाग ताडून पाहता येतो. दिसत नसेल तर घरच्यांना सांगा. आई-वडिलांचे पाय चेपण्याची आपल्याकडे रीत आहेच, त्यात दोन मिनिटं बघण्याची घाला.

काय शोधायचं? लाली, फोड, ओरखडा, भेग, काळी पडलेली जागा, बेचक्यातल्या पांढऱ्या ओल्या चिखल्या, मांसात घुसणारं नख, वाढलेला घट्टा. घट्ट्याला लोक फारच हलक्यात घेतात. घट्टा म्हणजे जिथे दाब जास्त पडतो तिथे जाड झालेली कातडी, आणि ती स्वतःच बुटातल्या खड्यासारखी आत रुतते. खाली व्रण असू शकतो. घट्ट्यात काळसर किंवा लालसर ठिपका दिसला तर आत रक्त साकळलं आहे असं समजा.

घट्टा किंवा कुरूप घरी कापायचं नाही: ब्लेड नाही, नेलकटर नाही, कुरुपाची औषधी पट्टी तर नाहीच, कारण तिच्यातलं आम्ल चांगल्या कातडीलाही खातं. वजरी? संवेदना चांगली असेल तर हलक्या हाताने टाचेवर, भेग नसताना. संवेदना गेली असेल तर वजरी मोरीतून हलवा. काशाच्या वाटीने तळवे घासायचं सुख मला माहीत आहे, आजी करायची. आता मी हातानेच तेल लावतो, कारण हाताला खरचटलेलं कळतं, वाटीला कळत नाही.

खोबरेल तेल किंवा युरियाचं क्रीम तळव्याला आणि टाचेला. बेचक्यांत नाही, तिथे ओल राहून चिखल्या होतात. नखं सरळ आडवी कापा, कोपरे खोल खणू नका, कडा कानशीने घासा.

ज्यांची संवेदना गेली आहे त्यांच्यासाठी आणखी एक उपाय, जो मला सगळ्यात उपयोगी पडला. वस्तूचं तापमान मोजता येणारा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि दोन्ही पायांच्या त्याच त्या जागा, अंगठा, चवडा तीन ठिकाणी, मध्य, टाच, रोज मोजा. एखाद्या जागेचा दुसऱ्या पायातल्या जोडीदाराशी फरक २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त, आणि तोही लागोपाठ दोन दिवस, तर कातडी फुटण्याआधीची धग असू शकते. पावलं कमी करा आणि डॉक्टरांना कळवा. दुखणं जे सांगत नाही ते हा आकडा सांगतो.

किती चालायचं, कुठे चालायचं

संवेदना कमी झालेल्यांनी भार देणारा व्यायाम करूच नये, असं पूर्वी सांगत. आता तसं मानत नाहीत. व्रण नसेल आणि बूट योग्य असतील तर मध्यम चालण्याने व्रणाचा धोका वाढत नाही. एकदम वाढवण्याने मात्र त्रास होतो. आठवडाभर आळस आणि रविवारी बारा किलोमीटर, हा बधिर पायासाठी सगळ्यात वाईट नमुना.

पहिला आठवडा दहा-पंधरा मिनिटं, दिवसाआड. घरी येताच बूट काढून पाय पाहायचे. रात्रीची पाहणी वेगळी. काही नसेल तर दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. कमाटीबाग नवशिक्यांना उत्तम. सयाजीरावांनी १८७९ साली बडोद्याला दिलेली ही बाग अजूनही मऊ मातीच्या वाटा, सावली आणि बसायला बाक देते, आणि बाक महत्त्वाचा, कारण मध्येच बसून बूट काढायला लाज वाटता कामा नये. उन्हाळ्यात सात-साडेसातच्या आत घरी. मे महिन्यातल्या दुपारच्या डांबरावर पातळ तळव्याच्या चपलेतूनही तळवा भाजतो.

पावसाळ्याचं वेगळं. विश्वामित्री नदीचं पाणी चढलं की मगरींच्या बातम्या येतात आणि सगळं गाव मगरीला घाबरतं. मधुमेही पायाला मगरीपेक्षा गढूळ पाण्याखालची काच जास्त महागात पडते. साचलेल्या पाण्यातून जाऊ नका. जावंच लागलं तर बंद बुटांनी, आणि घरी आल्यावर धुऊन, कोरडे करून पाहणी. धनुर्वाताच्या इंजेक्शनला दहा वर्षं झाली असतील तर पुन्हा घ्या. भिजलेला बूट वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली वाळवा, तोवर दुसरा जोड.

पोहायला जात असाल तर तलावाच्या काठावर अनवाणी फिरू नका, रबरी बूट घाला. पायावर उघडी जखम असेल तर तलाव बंद.

साखरेचं दोन ओळींत: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर निघण्याआधी साखर मोजा आणि खिशात ग्लुकोज ठेवा. ७० च्या खाली गेली, किंवा थरथर-घाम-गोंधळ वाटला, तर थांबून तीन चमचे साखर म्हणजे साधारण १५ ग्रॅम, आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. २५० च्या वर असेल आणि कीटोन्स (चरबी जळून रक्तात-लघवीत येणारी आम्लं) निघत असतील तर त्या दिवशी व्यायाम नको. चालून झाल्यावर सेव-उसळ खाण्याबद्दल मी काही बोलणार नाही, माझा तो नैतिक अधिकार नाही.

अनवाणी: आखाडा, परिक्रमा, नवरात्र

इथे खरी अडचण आहे, कारण ती बुटाची नाही, भावनेची आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या मातीत मल्लखांब आणि खो-खो खेळलेली पिढी पायात काही न घालण्याचा अभिमान बाळगते. चैत्रात नर्मदेच्या उत्तरवाहिनी परिक्रमेला रामपुरा-तिलकवाड्याकडे जाणाऱ्यांत अनवाणी चालणारे पुष्कळ असतात. आणि नवरात्रात मातीच्या मैदानावर, गोलात, मध्यरात्रीपर्यंत, नऊ रात्री, पाय मोकळेच.

स्पर्शचाचणीत सहाच्या सहा बरोबर आले असतील, नाडी चांगली असेल, तर तुम्ही ठरवा. मैदान पाहून, कमी वेळ, घरी येताच पाय धुऊन पाहणी. संवेदना गेली असेल तर माझं मत स्पष्ट आहे: अनवाणी नाही, आणि नुसत्या मोज्यांवरही नाही, कारण मोजा खडा अडवत नाही. बूट चालतील का हे आयोजकांना आधी विचारा. आजारपणाचं कारण सांगितलं तर बरेच जण समजून घेतात. नाही म्हणाले तर सोसायटीतला शेरी गरबा, तिथे कुणी पाय पाहत नाही. परिक्रमेला बूट घातले म्हणून नर्मदामैयाने कुणाला परत पाठवल्याचं मी ऐकलेलं नाही. नऊ रात्रींचा गरबा म्हणजे व्यायामाचा हिशोब केला तर मोठी शर्यत आहे, तेव्हा एक रात्र खेळून एक रात्र कडेला टाळ्या वाजवत बसलात तरी बिघडत नाही.

फोड आला तर, आणि केव्हा तडक जायचं

फोड फोडू नका. त्याच्यावरची कातडी हीच चांगली पट्टी आहे. फुटलाच असेल तर वाहत्या स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने धुवा, निर्जंतुक गॉज ठेवा, कागदी चिकटपट्टीने बांधा. चिकटपट्टी बोटाभोवती गोल गुंडाळू नका. हळद, चुना, टूथपेस्ट, तंबाखू दाबायचं नाही. त्या पायावरचा भार काढा, बाग बंद, दुसऱ्या दिवशी डॉक्टर. "दुखत नाही, मग कशाला?" हा प्रश्न मनात आला की उलट जास्त घाबरायचं.

त्याच दिवशी जायचं ते अशा वेळी: जखमेभोवतीची लाली पसरते आहे, पू किंवा वास आहे, ताप किंवा थंडी आहे, साखर कारण नसताना चढली आहे, बोट निळं-काळं पडतं आहे, पाय अचानक गार पडला आहे. घरात कुणी "सोमवारी जाऊ" म्हणालं तर ऐकू नका. रात्र असली तरी एस.एस.जी.सारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयाचा तातडीचा विभाग उघडा असतो.

एक गोष्ट वेगळी लिहितो कारण ती खेळणाऱ्यांना हमखास फसवते. पाय मुरगळल्यासारखा झाला, जखम नाही, दुखतं थोडंसंच, पण एक पाऊल सुजलं आहे, लाल आहे आणि दुसऱ्यापेक्षा गरम लागतं आहे. लोक मुरगळला म्हणून क्रेप बँडेज बांधतात, किंवा युरिक अॅसिड वाढलं म्हणून गोळी घेतात, आणि चालत राहतात. बधिर पायात हे शार्को फूट असू शकतं: हाडं आणि सांधे आतून ढासळत असतात आणि चालल्याने पावलाची कमान कोसळते. अशा पायावर एकही पाऊल न टाकता डॉक्टरांकडे. वेळेत प्लास्टर घातलं तर पावलाचा आकार वाचतो.

आणि मग पावागड

तीन-चार महिने बागेत नीट गेले की बडोदेकराला पावागडचा डोंगर खुणावतोच. पन्नासेक किलोमीटरवर, सुमारे ८०० मीटर उंच, पायथ्याशी चांपानेर. पहिल्या वेळी डोंगरावरच्या माचीपर्यंत गाडीने जा आणि तिथून चढा. पाठपिशवीत पाणी, ग्लुकोज, मोज्यांचा जादा जोड, गॉज, कागदी पट्टी, सलाइनची छोटी बाटली, एक हातआरसा. चढताना अर्ध्या तासाने एकदा बसून बूट-मोजे काढायचे, पाहायचं, बूट आपटून पुन्हा घालायचे.

खरा त्रास उतरताना. प्रत्येक पायरीला बोटं बुटाच्या नाकावर आदळतात आणि नखं काळी पडतात. लेस उतरण्याआधी घोट्याजवळ आवळा, टाच मागे राहील अशी. त्याहून सोपं म्हणजे पायांनी चढा आणि उडनखटोल्याने, म्हणजे रोपवेने, उतरा. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. रोपवे धरला तरी वरच्या टोकाला काही पायऱ्या राहतातच, हे लक्षात ठेवा.

आणि वर महाकालीच्या मंदिरात पादत्राणं काढावी लागतात. दुपारी तापलेल्या दगडावर बधिर तळवा भाजतो, कळतही नाही, फोड घरी आल्यावर दिसतो. म्हणून सकाळी लवकर, दगड गार असताना. संवेदना शाबूत असेल तर जाड स्वच्छ मोजे घालून, खाली पाहत चाला. बाहेर आल्यावर बसा, पाय पाहा, मोजे बदला, बूट आपटा. डॉक्टरांनी जास्त धोक्याच्या गटात टाकलं असेल तर मी करतो ते करा. २०२२ पासून शिखरावर ध्वज फडकतो, तो बाहेरूनही दिसतो. बायको आत जाते, मी बूट घालून कडेला उभा राहतो आणि कळसाचं दर्शन घेतो. येताना ती माझ्या वाटचा प्रसाद आणते आणि आधी विचारते, "बूट काढून पाहिलेत का?"